फणीला इंग्रजीत काय म्हणतात

मी वयाच्या सदतिसाव्या वर्षी इंग्रजी शिकायला बसले. त्याला कारण झालं फोनवर पाच वेळा म्हटलेलं "यस".

त्या वर्षी आमच्या यांनी आणि गावातल्या चार शेतकऱ्यांनी मिळून ठरवलं, की केळी व्यापाऱ्याला न देता आपणच परदेशी पाठवायची. आमचं गाव रावेरपासून सात-आठ किलोमीटरवर. जिकडे पाहावं तिकडे केळीच. गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी पॅकिंग हाऊस उभं केलं, पाण्याच्या दोन टाक्या बांधल्या, खोकी मागवली आणि दुबईच्या एका कंपनीला मेल पाठवला. तो मेल जळगावच्या एका ओळखीच्या वकिलांनी लिहून दिला होता. आठ दिवसांनी उत्तराऐवजी फोन आला.

नंबर परदेशी दिसला तसा यांनी फोन सरळ माझ्या हातात दिला. "तू बी. ए. आहेस," हे म्हणाले. मी बी. ए. आहे हे खरं, पण मराठी घेऊन. इंग्रजीचा पेपर मी पाठांतरावर काढला होता, आणि परीक्षेनंतर त्यातलं एक वाक्यही माझ्याकडे राहिलं नव्हतं.

पलीकडचा माणूस भरभर बोलत होता. मधूनमधून 'बनाना' ऐकू यायचं, एकदा 'डिसेंबर' ऐकू आलं. तो थांबला की काहीतरी विचारतोय, एवढं कळायचं. मग मी "यस" म्हणायची. असं पाच वेळा झालं. शेवटी तो "थँक यू, मॅडम" म्हणाला, मी "वेलकम" म्हणाले आणि फोन बंद झाला.

"काय म्हणाला?" यांनी विचारलं.

"चांगला बोलला," मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मेल आला. वकिलांनी तो वाचून दाखवला. फोनवर ठरल्याप्रमाणे कंपनीचा तपासनीस डिसेंबरात येईल, पॅकिंग हाऊस पाहील, आणि त्याला सगळं काम इंग्रजीतून समजावून सांगायचं मॅडमनी कबूल केलं आहे, त्याबद्दल आभार. तेव्हा सप्टेंबर चालू होता.

हे बोटांवर महिने मोजायला लागले. हसले ते सासरे. त्यांना सगळं गाव आबा म्हणतं, मीही आबाच म्हणते.

"तीनच महिने हायेत," आबा म्हणाले. "केयीले घड यायले त्याच्याहून जास्त दिवस लागता. आजपासूनच शिक."

आमच्या भागात केळीला केयी म्हणतात. ळ जिभेवर आला की त्याचा य होऊन बाहेर पडतो.

रावेरमध्ये एक निवृत्त शिक्षिका दुपारी बायकांसाठी इंग्रजीचा वर्ग घ्यायच्या. मूळच्या बोदवडच्या. मराठी शाळेत त्यांनी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. वर्ग म्हणजे त्यांच्याच घराची पुढची खोली, भिंतीला टेकवलेला एक फळा आणि पाच प्लास्टिकच्या खुर्च्या. माझ्याबरोबर एक अंगणवाडी सेविका, एक नर्स आणि ब्युटी पार्लर चालवणारी एक बाई अशा तिघी होत्या. पहिल्याच दिवशी बाईंनी सांगून टाकलं, "मी आजवर एकाही परदेशी माणसाशी बोललेले नाही. त्यामुळे माझे उच्चार तिकडे कुणाला कळतील की नाही, सांगता येत नाही. व्याकरण मात्र माझं पक्कं आहे. ते चोख घेऊन जा."

असं प्रामाणिकपणे सांगणारं शिकवायला पहिल्यांदाच भेटत होतं. मी दुपारच्या बसने रोज जायला लागले.

दोन आठवड्यांत बाईंच्या लक्षात आलं, की माझी एक चूक काही केल्या जात नाही. मी प्रत्येक क्रियापदाला 'स' लावायची. आय गोज, यू गोज, दे गोज. बाई खोडायच्या, मी पुन्हा लावायची. एका दुपारी त्या फळ्यापासून माझ्याकडे वळल्या.

"हा 'स' तुम्ही कुठून आणता?"

"माहीत नाही, बाई. आपोआप येतो."

"तुमचं माहेर कुठलं?"

"नरडाण्याजवळचं. धुळे जिल्हा."

"तिकडे घरात काय बोलतात?"

"अहिराणी."

"मग 'मी जाते' हे अहिराणीत कसं म्हणाल?"

"मी जास."

"आणि तू?"

"तू जास."

"आणि तो?"

"तो बी जास."

बाईंनी खडू खाली ठेवला आणि खुर्चीवर बसल्या. हसू त्यांना आवरत नव्हतं. "अहो, तुमच्याकडे 'स' सगळ्यांना आहे. इंग्रजांकडे तो फक्त 'ही' आणि 'शी'ला मिळतो. तुम्ही बाकीच्यांचा काढून घ्या, म्हणजे झालं."

त्या दिवसानंतर ती चूक माझ्याकडून फारशी झाली नाही. पण मला आनंद झाला तो वेगळाच. लग्न होऊन रावेरकडे आले, तेव्हा 'आहे'ला 'शे' आणि 'सगळं'ला 'बठ्ठं' म्हटलं की नणंद हसायची. वर्षभरात मी माझी बोली गुंडाळून ठेवली आणि इकडची उचलली. आता इतक्या वर्षांनी ती अशी इंग्रजीच्या वहीत येऊन बसली होती, आणि तिच्यामुळेच मला व्याकरण कळलं होतं. संध्याकाळी आईला फोन करून हे सांगितलं.

"तुले बठ्ठं समजस का आते?" आईने विचारलं. आते म्हणजे आता.

"नही व माय, आते एक 'स' समजना," मी म्हटलं.

घरी माझा अभ्यास घरापुढच्या ओट्यावर चालायचा. आबा शेजारी बसून विळ्याने केळीला बांधायच्या दोऱ्या कापत असायचे, आणि रोज ठरलेला प्रश्न विचारायचे, "आज काय शिकवलं?" सांगितल्याशिवाय सुटका नसायची. एकदा मी 'अ' आणि 'द' शिकून आले. नामाच्या आधी कधी 'अ' लावायचा आणि कधी 'द', हे वर्गात आम्हा चौघींपैकी एकीच्याही डोक्यात शिरलं नव्हतं. मी आबांना जमेल तसं सांगितलं. कुठलीही एक वस्तू असेल तर 'अ', आणि ठरावीक, माहितीतली असेल तर 'द'.

आबांनी थोडा वेळ दोरी बाजूला ठेवली.

"म्हंजे मी बाजारातून येऊन तुले सांगतलं, आज एक गाय पाह्यली. तिथं 'अ'."

"हो."

"अन् दुसऱ्या दिवशी तू मले विचारलं, आबा, ती गाय घेतली का. तिथं 'द'."

"हो, आबा."

"मंग यात अवघड काय हाये? पहिल्यांदा भेटली तं 'अ', वयख झाली तं 'द'."

दुसऱ्या दिवशी मी हे वर्गात सांगितलं. बाईंनी ते आपल्या वहीत उतरवून घेतलं. अजूनही त्या नव्या मुलींना हा धडा गाईवरूनच शिकवतात.

उच्चारांचं मात्र तितकं सोपं नव्हतं. मराठीत एक व आहे आणि त्याने आपलं सगळं भागतं. इंग्रजीत दोन. एकाला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, दुसऱ्याला ओठ गोल करायचे. बाईंनी 'व्हेरी वेल' हे शब्द रोज आरशासमोर शंभर वेळा म्हणायला सांगितले होते. मी स्वयंपाकघरातल्या छोट्या आरशासमोर ओठ दाताखाली धरून उभी राहायची. दोन-तीन दिवस हे पाहून सासूबाई, आमच्या अक्का, वाटीत लवंगेचं तेल आणि कापूस घेऊन आल्या.

"दात दुखून राह्यला तं सांगत काहून नाही?"

मी समजावून सांगितलं. अक्का शेजारी उभ्या राहिल्या, त्यांनीही ओठ दाताखाली धरून एकदा 'व्हेरी' म्हणून पाहिलं आणि म्हणाल्या, "याच्यानं दात दुखायले लागतीन."

अक्कांशी माझं एकदाच वाजलं, तेही इंग्रजीवरून. भाषा शिकायची तर त्या लोकांची रीतही शिकायला हवी, असं बाईंचं म्हणणं होतं. आठवडाभर घरात सगळ्यांना प्लीज आणि थँक यू म्हणायचं, असा अभ्यास त्यांनी दिला. अक्कांनी सकाळी चहा दिला, मी थँक यू म्हटलं. दुसऱ्या दिवशी म्हटलं. तिसऱ्या दिवशी अक्कांनी कप हातात दिला नाही, ओट्यावर ठेवला आणि आत निघून गेल्या. मी मागोमाग गेले.

"काय झालं, अक्का?"

"मी काय परकी हाये का? घरात कोनी चहाचे आभार मानते का?"

मी सांगितलं, की इंग्रज लोक सख्ख्या आईलाही असं म्हणतात, त्यात परकेपण नसतं. अक्का पीठ मळत होत्या. मळता मळताच त्यांनी विचारलं, "रोज म्हनता?"

"रोज."

"मंग त्या मायले कसं समजत असीन, पोरगं मनातून म्हनते का सवयीनं म्हनते?"

मी हा प्रश्न बाईंपर्यंत नेला. घरातला थँक यूचा अभ्यास त्यांनी रद्द केला आणि तो वर्गापुरता ठेवला.

वर्गात तर रोज काहीतरी व्हायचं. बाईंनी अंगणवाडी सेविकेला विचारलं, "वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?" ती "यस" म्हणाली आणि उठून खिडकी उघडून आली. बाई म्हणाल्या, "तुम्ही आत्ता मला नाही म्हणालात, आणि तरी उघडलीत." 'माइंड' म्हणजे हरकत, काम करायचं असेल तर इथे 'नो' म्हणायचं, हे ऐकून सेविकाबाईंनी कपाळाला हात लावला. "बाई, हे तर आमच्या घरच्यांसारखंच. नको नको म्हणतात आणि सगळं खातात." त्या दिवशी पुढचा धडा झालाच नाही, आम्ही नुसत्या हसत होतो. घरी आल्यावर मला वाटलं, की शाळा-कॉलेजात मिळून नऊ-दहा वर्षं इंग्रजी होतं, पण त्या तासाला कधी कुणी हसल्याचं आठवत नाही.

डिसेंबर उजाडला. तपासनीस आला तो चाळिशीतला, उंच, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस. मूळचा इजिप्तचा, नोकरी दुबईत. भुसावळहून गाडीने सकाळीच पोचला. शेडमध्ये पाच शेतकरी, आबा, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर आणि फण्या धुणाऱ्या बारा बायका अशी सगळी वाट पाहत होती. मी पुढे झाले. पाठ केलेलं स्वागताचं वाक्य नीट बाहेर पडलं.

तो म्हणाला, "आय ॲम व्हेरी हॅबी टु बी इन युअर बॅकिंग हाऊस."

मला काही कळलं नाही. बॅकिंग म्हणजे मागे जाणं, एवढंच डोक्यात आलं आणि मी दोन पावलं मागे सरकले. तोही बिचारा मागे सरकला. मग त्याने खोक्यांकडे हात केला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस प म्हणतच नव्हता. हॅपीचं हॅबी, पॅकिंगचं बॅकिंग, प्लीजचं ब्लीज. जिथे अर्थ लागेना तिथे ब काढून प घालून पाहायचं, असं मी मनाशी ठरवलं, आणि पुढची दहा मिनिटं झकास गेली. टाक्या दाखवल्या, पाणी कुठून येतं ते सांगितलं, तुरटी कशाला घालतो ते सांगितलं. हे लांबून माझ्याकडे पाहत होते, आणि त्यांची मान हळूहळू ताठ होत होती.

मग त्याने वही काढली आणि विचारलं, "हाऊ मेनी फिंगर्स इन वन हॅन्ड?"

एका हाताला बोटं किती. मला वाटलं, माझं इंग्रजी तपासतोय. मी हात वर केला, बोटं पसरली आणि खालचा ओठ नीट दातांखाली धरून म्हणाले, "फाइव्ह, सर."

त्याच्या कपाळावर आठी पडली. "इन एव्हरी हॅन्ड?"

"यस, सर. एव्हरी हॅन्ड."

त्याने वहीत लिहिलं. मग मान हलवून म्हणाला, "व्हेरी स्मॉल हॅन्ड्स."

मी आमच्या बायकांच्या हातांकडे पाहिलं. लहान होते खरे. पण मोठे हात हवे असतील तर तेही होते. मी ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला पुढे बोलावलं आणि 'हॅव' न म्हणता अगदी जपून म्हटलं, "सर, ही हॅज बिग हॅन्ड्स." ड्रायव्हरने दोन्ही पंजे पुढे केले. साहेबाने ते पंजे पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं.

"ओके," तो म्हणाला. "ब्लीज वॉश एव्हरी हॅन्ड टू टाइम्स. देन बॅक."

हे मला पूर्ण कळलं. मी बायकांकडे वळले. "साहेब म्हणतात, सगळ्यांनी हात दोनदा धुवायचे आणि मगच पॅकिंगला लागायचं." बायका नळापुढे रांगेने उभ्या राहिल्या. एक म्हणाली, "सकायीच धुतले होते, पन धुते बाई." सगळ्यांनी साबण लावून दोनदा हात धुतले. ड्रायव्हरनेही धुतले. आबाही रांगेत जाऊन धुऊन आले. साहेब हे सगळं अदबीने पाहत उभा होता.

"व्हेरी क्लीन," तो म्हणाला. "थँक यू. नाऊ, द हॅन्ड्स?"

"दीज आर द हॅन्ड्स, सर," मी म्हणाले. आणि बाराही बायकांनी ओले हात पुढे केले.

तो टाकीजवळ गेला. पाण्यातून केळीची एक फणी उचलली आणि माझ्यासमोर धरली. "दिस," तो सावकाश म्हणाला, "इज अ हॅन्ड." मग फणीतल्या एका केळ्याला हात लावून म्हणाला, "अँड दिस इज अ फिंगर."

मी तीन महिन्यांत चारशे शब्द लिहून काढले होते. घडाला काय म्हणतात, पानाला काय, चिकाला काय. पण शब्दकोशात फणी या शब्दापुढे केस विंचरायचा कंगवा दिला होता. व्यापारात फणीला हात आणि केळ्याला बोट म्हणतात, हे ना मला माहीत होतं, ना बाईंना.

आधी कानशिलं गरम झाली. तीन महिने घालवले आणि सगळ्या गावासमोर हे झालं, असं वाटून मान वर होईना. पण काय झालं हे बायकांना सांगणं भाग होतं, म्हणून सांगितलं. पहिल्यांदा कोण हसलं ते माहीत नाही. मग एकेक करत सगळ्या हसायला लागल्या, ड्रायव्हर आपले पंजे पाठीमागे लपवायला लागला, आणि साहेबाला ते दिसल्यावर तो खोक्यावर बसून डोळे पुसत हसत राहिला. मग माझंही हसू आवरेना.

आबांनी मात्र ती फणी हातात घेतली, उलटी करून पाहिली आणि स्वतःच्या पंजाशेजारी धरली. "बरोबर म्हनते तो," ते म्हणाले. "हातासारखीच तं हाये. आपल्याले इतक्या वर्सांत दिसलं नाही."

वहीतले पाच खोडले गेले. साहेबाने स्वतः फण्या मोजल्या, कुठे चौदा केळी, कुठे सोळा, कुठे अठरा. त्याचं समाधान झालेलं दिसत होतं. ती तपासणी नंतर दुपारपर्यंत चालली, आणि गंमत म्हणजे त्यानंतर मी एकदाही घाबरले नाही. कळलं नाही तर "प्लीज शो मी" म्हणायची, तो दाखवायचा. त्याला माझं कळलं नाही तर तो "शो मी" म्हणायचा. वस्तू हातात घेऊन बोललं की व्याकरण निम्म्यावर येतं.

जेवणानंतर शेडबाहेर खाटेवर बसलो असताना मी धीर करून त्याला विचारलं, की तुम्ही प का म्हणत नाही. त्याला राग आला नाही. त्याच्या भाषेत ते अक्षरच नाही, असं त्याने सांगितलं. लहानपणी शिक्षक तोंडासमोर कागद धरायचे. प म्हटला की कागद हलला पाहिजे, आणि त्याचा कधी हलायचा नाही. मी त्याला आमच्या एका व ची आणि आरशाची गोष्ट सांगितली. तोही माझ्यासारखाच कुणाच्या तरी वर्गात बसून ही भाषा शिकला होता. मला इतके दिवस वाटायचं, की इंग्रजी बोलणारे सगळे ती घेऊनच जन्माला आलेले असतात.

मग त्याने आमच्या भाषेत बनानाला काय म्हणतात ते विचारलं. मी म्हटलं, "केळी." ळ त्याला येईना. "केली," तो म्हणाला. पुन्हा "केरी" म्हणाला. चार-पाच वेळा प्रयत्न करून त्याने हात टेकले. आबा बाजूला ऐकत होते.

"त्याले आपलं सांग," ते मला म्हणाले, आणि स्वतःच साहेबाकडे वळून मोठ्याने म्हणाले, "केयी."

"केयी," साहेब म्हणाला. पहिल्याच झटक्यात, आणि आबांपेक्षा स्पष्ट.

"पाह्य," आबा मला म्हणाले. "पुस्तकातलं त्याले जमलं नाही. आपलं जमलं." त्यानंतर तो निघेपर्यंत केयीच म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी बाईंना सगळं सांगितलं, तेव्हा मला वाटलं होतं की त्यांना वाईट वाटेल. त्यांनी ते तीनदा सांगायला लावलं. "तीस वर्षं मी हॅन्ड म्हणजे हात शिकवत आले," त्या म्हणाल्या, "आणि केळी खाऊनच मोठी झाले." मग त्यांनी फळ्यावर फणीचं चित्र काढलं आणि आम्ही चौघींनी ते दोन शब्द उतरवून घेतले.

आठवडाभरात साहेबाचा मेल आला. या वेळी वकिलांकडे न जाता मी तो स्वतः वाचला, आधी मनात आणि मग यांना मोठ्याने. माल पसंत होता आणि जानेवारीत पहिला कंटेनर भरायला सांगितलं होतं. शेवटच्या ओळीत त्याने लिहिलं होतं, की तुमच्या सगळ्या अटींना 'आय ॲम अग्री'.

मी त्या ओळीवर थांबले. तिथे 'ॲम' नको होतं. पुन्हा वाचलं, खात्री केली. दुसऱ्याच्या इंग्रजीतली चूक मला आयुष्यात पहिल्यांदा दिसली होती. मी मेल छापून घेतला आणि वर्गात नेला. बाईंनी चष्मा लावून वाचला, बोट नेमकं त्याच शब्दावर ठेवलं आणि माझ्याकडे पाहून हसल्या.

"कळवायचं का त्यांना?" मी विचारलं.

"कशाला?" बाई म्हणाल्या. "त्यांना काय म्हणायचंय ते तुम्हाला कळलं ना?"

घरी येऊन मी उत्तर लिहायला बसले. चार ओळींना दीड तास लागला. हे दोनदा डोकावून गेले. त्या चार ओळींत माझ्या किती चुका होत्या ते मला अजून माहीत नाही. त्यानेही कधी कळवलं नाही.